बोअरची भुकटी

“ऐकलं का? आत्ता... ह्यो बघा, आत्ता वाढला.”

निवृत्तीअण्णा लेंगरे बॉनेटवर पंजा टेकून वाकले होते. मी लांब पेचकसाचं टोक इंजिनाच्या ब्लॉकला लावलं होतं आणि त्याची मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरली होती. इंजिन सावकाश फिरत होतं. टॅपेट जरा सैल झाले की बांगड्या किणकिणल्यासारखे वाजतात, तसे थोडे वाजत होते. बाकी पिस्टन, ऑइल पंप, टायमिंगचे गिअर, सगळं जिथल्या तिथं. दोन सिलिंडरचा जुना छोटा ट्रॅक्टर, रंग उडालेला, पण पोटातून धडधाकट.

“अण्णा, मला तर वेगळं काय ऐकू येत न्हाय.”

“कसं येत न्हाय? भुंगा घुमल्यागत येतोय. आधी बारीक, मग असा वर चढत जातो. कान भरून जात्यात त्यानं.”

मी पंख्याचा पट्टा उतरवला, पंखा हातानं फिरवून बघितला. डायनॅमोचं बेअरिंग तपासलं. पट्टा चढवून पुन्हा इंजिन चालू केलं, पुन्हा पेचकस लावला. काही नाही.

याच आवाजासाठी मी त्या मळ्यात तिसऱ्यांदा आलो होतो. पहिल्या वेळी टॅपेट आवळून दिले. दुसऱ्या वेळी अण्णा हट्टालाच पेटले, तेव्हा इंजिन पुरतं खोललं. नवीन रिंगा घातल्या, बेअरिंगं बदलली, सिलिंडर घासून घेतले. आठवडाभर अण्णा खूश होते. मग निरोप आला, मिस्त्री, आवाज हाय तसाच हाय.

“बंद करतो जरा,” मी म्हणालो आणि डिझेलची दांडी ओढली. दोन गचके देऊन इंजिन थांबलं. दुपारची वेळ, डाळिंबाच्या बागेत पानसुद्धा हलत नव्हतं.

अण्णा मात्र तसेच वाकलेले होते. मान जराशी डावीकडं कलली होती.

“हां,” ते हळूच म्हणाले. “आता लईच जोरात येतोय.”

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण अण्णा चेष्टा करणारा माणूस नव्हता. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडं नव्हते आणि इंजिनाकडंही नव्हते. उजव्या हाताचा अंगठा सदऱ्याच्या गुंडीवर गोल गोल फिरत होता. ओठ हलत होते, तोंडात काहीतरी चघळत असल्यासारखे.

“अण्णा, इंजिन बंद हाय.”

थोड्या वेळानं अंगठा थांबला. त्यांनी डोळे मिचकावले आणि मी आत्ताच तिथं उगवलोय अशा नजरेनं माझ्याकडं पाहिलं.

“गेला,” ते म्हणाले. “तुमी बंद कवा केलं?”

माझ्या पाठीमागं भांड्यातून पाणी सांडल्याचा आवाज झाला. अण्णांची बायको, शालनवहिनी, माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. मी अण्णांच्या तोंडाकडं बघत असताना ती बाई नवऱ्याच्या हाताकडं बघत होती. त्या अंगठ्याकडं.

“पाणी घ्या, भाई,” ती म्हणाली.

निघताना मी हसत म्हणालो, “अण्णा, कानात मळ झाला असंल. कुणाकडनं तरी काढून घ्या.”

अण्णांचा चेहरा कडक झाला. “माझं कान मला म्हायती हायत. तुमास्नी जमत न्हाय म्हणून सांगा.”

तेव्हा माझं गॅरेज आटपाडीत, स्टँडच्या मागं होतं. दस्तगीर मुलाणी मिस्त्री म्हटलं की आसपासच्या वाड्यावस्त्यांवर लोक ओळखायचे. डाळिंबवाल्यांकडं असले छोटे ट्रॅक्टर फार. दोन ओळींच्या मधून ते बरोबर जातात, मागं फवारणीचा ब्लोअर लावला की बाग तासाभरात धुवून निघते. अण्णांना तर तो ट्रॅक्टर पोराच्या जागी होता. एकच लेक, उज्ज्वला, तिची सोयरीक जमलेली आणि लग्न वैशाखात धरलेलं.

मळ्याच्या बांधापलीकडं त्यांचा चुलतभाऊ संपत राहायचा. दोघांच्या बापांपासून रस्त्याचं भांडण. संपतच्या रानात जायला सरळ वाट अण्णांच्या बांधावरून होती, आणि अण्णा ती देत नव्हते. त्या दिवशी मी परत निघालो तेव्हा संपतच्या रानात बोअरची गाडी धडधडत होती. दगडाची राखाडी भुकटी ढगासारखी उडत होती आणि बांधाच्या कडेला तिचा ढीग साचत चालला होता. पाणी लागलं नाही, असं नंतर ऐकलं.

महिनाभरानं दुधाच्या गाडीवाल्याकडून निरोप आला. अण्णांनी तातडीनं बोलावलंय.

या खेपेला मला पेचकसाची गरजच पडली नाही. मी मोटरसायकल रस्त्याला लावत होतो तिथपर्यंत तो आवाज ऐकू येत होता. ठक, ठक, ठक. धान्याच्या भरल्या पोत्यावर कुणी आतून मुठी मारतंय असा. अण्णा ट्रॅक्टर चालू ठेवूनच उभे होते आणि त्यांच्या तोंडावर चक्क आनंद होता.

“आता तरी येतोय का ऐकू?” ते ओरडून म्हणाले. “का अजून माझ्याच कानात मळ हाय?”

मी आधी इंजिनाचा वेग वाढवला, मग एकदम सोडला. सोडताना ठोका आणखी मोठा झाला. पहिल्या सिलिंडरच्या नोझलची नळी पान्ह्यानं सैल केली, तिथलं डिझेल तोडलं. ठोका तसाच. दुसऱ्याची सैल केली, तर ठोका अर्ध्यावर आला. म्हणजे दुसऱ्या पिस्टनच्या दांड्याचं खालचं बेअरिंग गेलं होतं. मी मुकाट्यानं इंजिन बंद केलं.

“काय झालंय?”

“बेअरिंग गेलंय. नवंकोरं हुतं, अण्णा. माझ्या हातानं बसवलेलं.”

“मी म्हणतच हुतो, आत काय तरी हाय म्हणून.”

खाली पत्र्याचं तसराळं ठेवून तेल सोडलं. तेल उन्हात चमकत उतरलं, आणि ती चमक मला आवडली नाही. बेअरिंगचा धातू झिजून तेलात मिसळला की तेल असं चमकतं. तेलाची टाकी खोलली. तळाला गाळ बसला होता. मी चिमूटभर उचलून दोन बोटांत चोळला. कचकच लागला.

रानातली माती असती तर ती हवेच्या वाटेनं आत गेली असती. आधी रिंगा खाल्ल्या असत्या, धूर सोडला असता. धूर तर कुठंच नव्हता. हे जे काय होतं ते सरळ तेलातून आत गेलं होतं. बारीक, एकसारखं, राखाडी आणि दगडासारखं टणक.

“ही माती न्हाय,” मी म्हणालो. तिथं माझी जीभ थांबायला हवी होती, पण काम करणारा माणूस दिसलं ते बोलतो. “ही दगडाची भुकटी हाय. कुणी तरी तेलाच्या तोंडातनं वतलीय.”

अण्णा खाली बसले. त्यांनीही चिमूट घेतली, बोटांत चोळली, उन्हात धरून बघितली. बराच वेळ बघितली.

“बोअरची हाय ही,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. मग उठले. “तुमी हात धुवून घ्या, मिस्त्री. मी आलोच.”

मला वाटलं घरात गेले. मी पान्हे गोळा केले, कोपरापर्यंत तेलानं भरलेले हात घेऊन मोरीपाशी गेलो. दर वेळी तिथंच धुवायचो. धुण्याच्या दगडाजवळ करवंटीत भांडी घासायची पूड असायची, ती घेऊन चोळली की तेल निघायचं. मी करवंटीत बोटं घातली आणि तळव्यावर चोळायला लागलो.

आणि थांबलो.

बोटांना तीच कचकच लागत होती. मघाशी टाकीच्या गाळात लागली होती ती.

मी मान वर केली. शालनवहिनी माजघराच्या उंबऱ्यात उभी होती. ती कितीतरी वेळ माझ्या हातांकडं बघत उभी असावी.

“भांड्यास्नी घेते,” ती म्हणाली. “संपतभावजींच्या बोअरची. सगळ्याच बायका नेत्यात.”

मी नुसते हात तिच्यासमोर धरले. काळ्या तेलात राखाडी भुकटी.

ती उंबऱ्यावर बसली.

“किती घातली, वहिनी?”

“दोन मुठी. एकदाच मरंल असं वाटलं हुतं. न्हाय मेलं. आठ दिस वराडतंय नुसतं.”

“पर का?”

“तुमी त्या दिवशी बघितलं की. इंजिन बंद हुतं आन ह्यास्नी ऐकू येत हुतं.” तिनं पदर तोंडाला लावला, काढला. “त्यो आवाज आला की माणूस जातो, भाई. डोळं उघडं असत्यात, आत कुणी नसतंय. कवा जराशानं माघारी येत्यात, कवा खाली पडून हातपाय झाडत्यात. आन मागनं काय म्हणता काय ध्यानात नसतंय. इंजिनाचा आवाज आला हुता, एवढंच ध्यानात ऱ्हातंय.”

तीन खेपा मी पेचकस लावून जे शोधत होतो ते इंजिनात नव्हतंच.

“संक्रांतीच्या सुमाराला फवारणी चालली हुती,” ती सांगत होती. “मी बांधावर गवत कापत हुते. ट्रॅक्टर वळायच्या जाग्याला वळलाच न्हाय. सरळ हिरीकडं निघाला. हिरीला कठडा न्हाय, तुमास्नी ठावं हाय. हे वर बसल्यालं, एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्यानं गुंडी चोळत्यात. मी पळत जाऊन दांडी वडली. पुढचं चाक काठाला लागलं हुतं. दगूड आत पडल्याला ऐकला मी.”

“अण्णांना सांगितलं न्हाय?”

“सांगितलं की. म्हणाले, मला येडा ठरवतीस व्हय? हात उगारला. आजवर कधी उगारला नव्हता. किल्ली दडवून ठिवली, तर तारा जोडून चालू केला. कुणाकडं बोलू? पोरीच्या बापाला फेफरं येतंय म्हणून कळलं तर पोरीला कोण घिऊन जाईल?” ती थांबली. “मग म्हणलं, इंजिन मेलं तर माणूस तरी ऱ्हाईल.”

मी काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात बांधापलीकडून पत्र्यावर दणका बसल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग संपतची हाक, “अण्णा! अवो अण्णा!”

मी ट्रॅक्टरकडं बघितलं. मोठ्या पान्ह्याला जोर लावायला मी लोखंडी पाइप वापरायचो. ती पान्ह्यांच्या शेजारी नव्हती.

आम्ही दोघं धावलो. बांध ओलांडताना वहिनीची चप्पल तुटली, तशीच अनवाणी ती माझ्यापुढं गेली.

संपतच्या विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीसमोर अण्णा उभे होते. मोटरच्या स्टार्टरची पेटी फुटून तारेला लोंबत होती. संपत भिंतीला पाठ लावून उभा होता, दोन्ही हात पुढं धरून. घरची माणसं बाजाराला गेलेली, आसपास कुणी नव्हतं.

“अण्णा, आईची आण घेतो, मी तुमच्या ट्रॅक्टरला हातबी लावला न्हाय!”

“भुकटी कुणाची?” अण्णा विचारत होते. ओरडत नव्हते, हेच भयंकर होतं. “सांग की. बोअर कुणी मारली? भुकटी कुणाची?”

“अण्णा, पाइप खाली ठेवा,” मी म्हणालो.

“मिस्त्री, तुमी मधी पडू नगा. आमच्या घरातलं हाय.”

त्यांनी पाइप दोन्ही हातांनी धरली आणि खांद्यावर घेतली. संपतनं डोळे मिटले.

“मी टाकली,” शालनवहिनी म्हणाली.

अण्णांनी वळून पाहिलं.

“भावजींनी न्हाय. मी. माझ्या ह्या हातानं टाकली.”

तिनं कारण सांगितलं नाही. संपतसमोर ती ते सांगणार नव्हती. नुसती उभी राहिली, पायातून रक्त येत होतं, दोन्ही हात पुढं धरलेले. अण्णा तिच्याकडं बघत होते आणि पाइप खांद्यावरच होती. त्यांनी एक पाऊल तिच्याकडं टाकलं. मी मधे शिरायला गेलो तर वहिनीनंच मला हातानं मागं सारलं.

“तू?” अण्णा म्हणाले. आणखी एक पाऊल. “तू टाकलीस?”

मग ते थांबले. मान जराशी डावीकडं कलली.

“ट्रॅक्टर कुणी चालू केला?” त्यांनी विचारलं.

संपतनं माझ्याकडं पाहिलं. ट्रॅक्टरच्या पोटातलं तेल मी स्वतः सोडलं होतं, खालची टाकी निघून मातीत पडली होती. त्या रानात कसलाही आवाज नव्हता.

“केवढा मोठा येतोय,” अण्णा म्हणाले. त्यांचा एक हात पाइपवरून सुटला आणि गुंडीकडं गेला.

“भाई, पाइप घ्या त्यांच्या हातातली,” वहिनी हळू आवाजात म्हणाली. “लवकर घ्या.”

मी घेतली. त्यांनी सहज दिली, लहान मूल खेळणं देतं तशी. मग त्यांच्या गळ्यातून एक आवाज निघाला. माणसाचा आवाज नव्हता तो. असा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही आणि ऐकायचाही नाही. सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं आणि ते उभ्या उभ्या आडवे व्हायला लागले. वहिनीनं त्यांना छातीशी धरत धरत खाली आणलं. किती वेळा धरलं असेल तिनं असं, कुणास ठाऊक.

“कुशीवर करा. हातपाय दाबू नगा, झाडू द्या. डोक्याखाली काय तरी द्या.”

संपतनं खांद्यावरचा टॉवेल घडी करून डोक्याखाली सारला. दोन मिनिटांपूर्वी ज्या माणसानं त्याचं डोकं फोडलं असतं त्याच्याच डोक्याखाली.

झटके थांबायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. तोंडातून फेस आला, तो वहिनीनं पदरानं पुसला. मग अण्णा घोरायला लागले, गाढ झोपल्यासारखे.

संपत उकिडवा बसला होता. “कवापासनं?” त्यानं विचारलं.

“दिवाळीपासनं.”

“उज्ज्वलाच्या सासरला...?”

“ठावं न्हाय.”

वहिनीनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, ते न हलवता ती म्हणाली, “भावजी, रस्ता घ्या.”

मला आधी समजलंच नाही ती काय म्हणतेय.

“बांधावरनं रस्ता घ्या. हे बोलले तर मी बघते. पर आज हितं जे बघितलं ते तुमच्या तोंडातनं बाहीर जायचं न्हाय. घरात बायकोला सुदिक न्हाय.”

संपतनं फुटलेल्या पेटीकडं बघितलं, बांधाकडं बघितलं. मला वाटलं, हा आता म्हणेल, वहिनी, काय बोलताय, रस्ता कसला, घरातली गोष्ट घरात राहील. मी त्याच्या तोंडाकडं त्या आशेनं बघत होतो.

“बैलगाडीपुरता,” संपत म्हणाला, “का ट्रॅक्टरपुरता?”

वहिनी नुसती बघत राहिली त्याच्याकडं. मग म्हणाली, “ट्रॅक्टरपुरता.”

अण्णांनी डोळे उघडले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्यांनी सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं.

“मी हितं कसा?”

“ऊन लागलं तुमास्नी,” वहिनी म्हणाली. “चक्कर आली.”

ते विचार करायला लागले. कपाळावर आठ्या आल्या. बायकोनं काय कबूल केलं होतं ते त्यांच्या ध्यानात नव्हतं, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. ध्यानात होती ती त्याआधीची गोष्ट. त्यांची नजर संपतवर जाऊन थांबली.

“भुकटी...” ते म्हणाले आणि हात टेकून उठायचा प्रयत्न करू लागले.

“भुकटी माझी हाय, अण्णा,” मी म्हणालो.

कसं सुचलं ते मला आजही सांगता येत नाही. “सिलिंडर घासले न्हवं इंजिन खोललं तवा? घासायच्या दगडाची पूड आत ऱ्हायली. मी ब्लॉक नीट धुतला न्हाय. मगाशी घाईत काय तरी बोलून बसलो. चूक माझी. संपतरावांचा काय संबंध न्हाय.”

अण्णा थुंकले. माझ्यावर नाही, शेजारी मातीत.

“आन मला म्हणत हुता कानात मळ हाय.”

“हां, अण्णा.”

“इंजिन नीट करून द्यायचं.”

“हुणार न्हाय,” मी म्हणालो. “क्रँक गेलाय. असलं इंजिन आता कुणी बनवत न्हाय. क्रँक मिळायचा न्हाय.”

क्रँक, म्हणजे पिस्टनचे दांडे ज्याला जोडलेले असतात तो मोठा दांडा, गेला नव्हता. घासून घेतला असता तर आणखी दहा वर्षं चालला असता. त्याच दिवशी परत जाताना मी विट्याला, सांगोल्याला, ओळखीच्या प्रत्येक मिस्त्रीला निरोप पाठवला, की लेंगऱ्यांचा छोटा ट्रॅक्टर आला तर हात लावू नका, माझ्यावर सोडा. कारण कुणी विचारलं नाही. अण्णांनी दोन-तीन ठिकाणी खेपा घातल्या आणि हात हलवत परत आले. मग ट्रॅक्टर भंगारात दिला. त्या वस्तीवरून मला पुन्हा कामाचं बोलावणं आलं नाही. दस्तगीर मिस्त्री इंजिन न धुता जोडतो, असं तिकडं बोलतात हे मला दुसऱ्यांकडून कळायचं.

वैशाखात उज्ज्वलाचं लग्न झालं. मला पत्रिका नव्हती. लग्नानंतर वहिनीनं उन्हाच्या चक्करेचं निमित्त करून अण्णांना मिरजेच्या मोठ्या डॉक्टरकडं नेलं, आणि तिथून आणलेल्या गोळ्या रक्तदाबाच्या म्हणून त्यांना देत राहिली. हे मला तिनंच एकदा बाजारात उभ्या उभ्या सांगितलं.

रस्त्याचं मात्र तिला नवऱ्याला सांगावंच लागलं. तुम्ही भावजींच्या अंगावर पाइप घेऊन गेलात, स्टार्टर फोडला, ते पोलिसात निघाले होते, म्हणून दिला, असं तिनं सांगितलं. अण्णांनी ते ऐकून घेतलं. बापानं जन्मभर न दिलेली वाट बायकोनं आपल्याला न विचारता दिली, आपण चक्कर येऊन पडलो होतो तेव्हा दिली, तीही संपतला. ते भांडले नाहीत. नुसते गप्प झाले. संपतनं त्याच वर्षी बांध फोडून रुंद रस्ता काढला आणि दोन वर्षांनी नवा मोठा ट्रॅक्टर घेतला. तो रोज अण्णांच्या अंगणाला घासून जायचा. दिलेला शब्द मात्र त्या माणसानं पाळला, हेही सांगितलं पाहिजे. ती गोष्ट त्याच्या तोंडून कधीही बाहेर गेली नाही.

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. वय झालं होतं, झोपेतच गेले. मी माती द्यायला गेलो, मागं उभा राहिलो. कुणी ओळखलं, कुणी नाही. तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा शालनवहिनी ओट्यावर एकटीच बसली होती. केस पांढरे झालेले. तिनं मला बसायला सतरंजी सरकवली. उज्ज्वलाची दोन्ही पोरं अंगणात खेळत होती.

“वहिनी, त्यांना कधी सांगितलं?” मी विचारलं. “भुकटीचं?”

“न्हाय.”

“मग रस्त्याचं तरी खरं...”

तिनं मान हलवली.

“त्या दिसापासनं मोकळं असं बोललेच न्हाईत माझ्याशी,” ती म्हणाली. “जेवाय वाढ, पाणी दे, एवढंच. शेवटपतूर.” मग तिनं पदर नीट केला.

“पर हुते,” ती म्हणाली.